मायक्रोइन्व्हर्टरचं सोलर आणि अर्थिंग: इंदूरच्या गच्चीसाठी पायरी-पायरीने

सोलरच्या कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी, वॅट, वॉरंटी सगळं ठळक अक्षरात असतं आणि तळाशी कुठेतरी 'अर्थिंग – ३ सेट' एवढंच लिहिलेलं असतं. सुदामा नगर घ्या, लोकमान्य नगर घ्या, गच्चीवर माल चढायला लागला की मालक पॅनेल मोजतो, सबसिडी कधी येणार ते विचारतो. अर्थिंगच्या खड्ड्यापाशी मात्र कोणी उभं राहत नाही. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. आणि तो मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलखाली बसणारी, डीसीचा एसी करणारी छोटी पेटी) घेणाऱ्यांसाठी आहे, कारण नेहमीच्या स्ट्रिंग इन्व्हर्टरची सवय इथे जशीच्या तशी लावली की काही कामं उगाच होतात आणि एक फार गरजेचं काम राहून जातं.

वायरिंग स्वतः करा असं मी म्हणत नाहीये. ते लायसन्स असलेल्या ठेकेदाराचंच काम. पण त्याच्या शेजारी उभं राहून काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे 'हे असं चालणार नाही' म्हणायचं, एवढं घरमालकाला यायला हवं.

गच्चीवर नेमकं काय बदलतं

स्ट्रिंग इन्व्हर्टरमध्ये सगळी पॅनेलं एकामागे एक जोडलेली असतात. दोनशे-चारशे व्होल्टचा डीसी गच्चीवरून खाली येतो आणि भिंतीवरच्या एका पेटीत त्याचा एसी होतो. मायक्रोइन्व्हर्टरमध्ये ही पेटी पॅनेलच्या पोटाखालीच बसते. डीसी साधारण ४०-५० व्होल्टचा, तोही हातभर केबलपुरता. तिथल्या तिथे त्याचा २३० व्होल्ट एसी होतो आणि ट्रंक केबल सगळ्या पॅनेलांचा एसी गोळा करून खाली आणते.

म्हणून 'मायक्रोमध्ये हाय व्होल्टेज डीसी नसतो, सेफ असतं' हे सेल्समनचं वाक्य अर्धं खरं आहे. डीसीच्या ठिणगीची भीती खरोखर कमी होते. पण घरातल्या सॉकेटात असते तीच २३० व्होल्टची वीज आता लोखंडी स्ट्रक्चरला टेकून, मे महिन्यात तापलेल्या पॅनेलखाली, पावसात भिजत आणि खारींच्या दातांच्या टप्प्यात पडलेली असते. त्याच स्ट्रक्चरच्या पायाला कोणीतरी कपडे वाळत घालायची तार बांधतं. कुरडयांची चादर तिथेच पसरलेली असते. ओल्या हाताने त्या पायाला धरणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला की पुढच्या पायऱ्या आपोआप समजतात.

पायरी १: अर्थिंग वाचवतं कसं, ते आकड्यांत बघा

बहुतेकांना वाटतं की खड्डा चांगला असला की वीज जमिनीत निघून जाते आणि काम झालं. तसं होत नाही. आपल्याकडे घरगुती कनेक्शनमध्ये खांबावरून साधारणपणे फेज आणि न्यूट्रल एवढंच येतं, अर्थ आपला आपण करायचा असतो. केबलचं इन्सुलेशन सोलून फेज स्ट्रक्चरला लागला तर वीज आपल्या खड्ड्यातून मातीत उतरते, मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जाते आणि तिथून न्यूट्रलने परत फिरते. वाटेत माती आहे, म्हणजे अडथळा आहे.

आता हिशोब करा. खड्ड्याचा रेझिस्टन्स (हाच अडथळा) ५ ओहम धरा. सोलरच्या कामात बहुधा हीच वरची मर्यादा धरली जाते. ट्रान्सफॉर्मरकडचा अडथळा शून्य मानला तरी २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. प्रत्यक्षात त्याहून कमीच. आणि एसीडीबीमध्ये (सोलरची एसी लाइन जिथे येते ती स्विचची पेटी) २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवलेला असेल, तर त्याला झटक्यात पडायला किमान १०० अँपिअर लागतात. म्हणजे नियमातला, 'पास' झालेला ५ ओहमचा खड्डा असूनही एमसीबी बराच वेळ गरम होत बसेल आणि तेवढा वेळ स्ट्रक्चरमध्ये करंट राहील.

वीज झटक्यात तोडायचं काम आरसीसीबी (गळती ओळखून पडणारा स्विच) करतो. जाणारा आणि परत येणारा करंट यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. ५ ओहमच्या खड्ड्यावर ३० मिलीअँपिअर म्हणजे पाव व्होल्टसुद्धा नाही. खड्डा बिघडून ५० ओहमवर गेला तरी दीड व्होल्ट. पण त्याला फरक दिसायला गळतीला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे पॅनेलच्या फ्रेमपासून खड्ड्यापर्यंत अखंड गेलेली हिरवी-पिवळी तार. ती तार कुठे तुटलेली असेल तर गळतीला वाट सापडते ती थेट हात लावणाऱ्या माणसातून.

म्हणून महत्त्व द्यायचं ते या क्रमाने: अखंड अर्थ वायर, आरसीसीबी, मग खड्डा. कोटेशनमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो.

पायरी २: घरातलं जुनं अर्थिंग तपासून घ्या

नव्या कामाआधी जुनं बघा. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत कितीतरी ठिकाणी अर्थिंग नसतंच. सॉकेटमध्ये तिसरी पिन असते, पण आत ती न्यूट्रलला बांधलेली असते. बाहेरचा न्यूट्रल तुटला की मिक्सरपासून फ्रिजपर्यंत सगळ्या बॉड्या 'लाइव्ह' होतात, आणि उद्या हाच अर्थ सोलरला जोडला तर गच्चीवरचं स्ट्रक्चरही. घराच्या आत न्यूट्रल आणि अर्थ कुठेही जोडलेले नकोत. ती जोडणी ट्रान्सफॉर्मरवर, वीज कंपनीच्या हद्दीत असते.

तपासणी म्हणून इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवतो. बल्ब लख्ख पेटतो आणि तो म्हणतो, "देख लो भिया, एकदम टनाटन अर्थिंग है." या बल्बवर अजिबात भरवसा ठेवू नका. १०० वॅटच्या बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स पेटलेला असताना सुमारे ५३० ओहम असतो. तुमचं अर्थिंग ५ ओहमच्या जागी ५० ओहम असलं तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो तसाच पेटतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळणं शक्य नाही. बल्ब फक्त एवढंच सांगतो की तार कुठेतरी जमिनीला टेकलेली आहे. (आणि आरसीसीबी बसलेला असेल तर तो पेटण्याआधीच आरसीसीबी पडायला हवा. पडला नाही तर ती वेगळी बातमी.)

पायरी ३: मायक्रोइन्व्हर्टरची पाटी वाचा

इथून पुढचं काम तुमच्या मायक्रोइन्व्हर्टरच्या बांधणीवर ठरतं. त्याच्या मागची पाटी बघा.

काही मायक्रोइन्व्हर्टर प्लास्टिकच्या आवरणात असतात आणि पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती डबल इन्सुलेशनची, म्हणजे क्लास २ ची खूण. अशा यंत्राच्या आवरणाला अर्थ वायर जोडायची नसते, जोडायला जागाही नसते. यांच्या ट्रंक केबलमध्ये बहुधा दोनच तारा असतात.

दुसरे अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचे. त्यांना अर्थ लागतोच. तो ट्रंक केबलच्या तिसऱ्या तारेतून येतो, बॉडीवर वेगळा स्क्रू दिलेला असतो, किंवा दोन्ही. कंपनी मॅन्युअलमध्ये जसं सांगते तसंच करायचं. 'रेलला बोल्टने कसला आहे ना, झालं अर्थिंग' हे उत्तर (रेल म्हणजे पॅनेल ज्यावर बसतं ती धातूची पट्टी) तेव्हाच चालेल जेव्हा मॅन्युअल तसं म्हणतं आणि तो बोल्ट रेलच्या अ‍ॅनोडाइज्ड थराला, म्हणजे वीज न वाहणाऱ्या पापुद्र्याला, भेदून आत जातो.

पहिल्या प्रकारात एक गैरसमज हमखास होतो: मायक्रोला अर्थ लागत नाही, म्हणजे पॅनेललाही लागत नाही. लागतो! पॅनेलची फ्रेम धातूची, स्ट्रक्चर धातूचं, आणि त्यांच्यामधून २३० व्होल्टची केबल गेलेली. मायक्रो कोणताही असो, फ्रेम आणि स्ट्रक्चरचं बाँडिंग (एकमेकांशी आणि अर्थशी जोडणं) सुटत नाही.

आणखी एक. डीसीची प्लस किंवा मायनस तार कधीही अर्थला जोडू नका. आजचे मायक्रो पॅनेलची बाजू जमिनीपासून अलग आहे की नाही हे स्वतः तपासत असतात. एखादी बाजू अर्थला लागली की ते फॉल्ट दाखवून बंद पडतात.

पायरी ४: खड्डा, आणि माळव्याची माती

इंदूरला वर काळी माती आणि खाली मुरूम, मग बेसॉल्टचा काळा दगड. अर्थिंगच्या दृष्टीने हे विचित्र मिश्रण आहे. ओली काळी माती फार चांगली वाहक. तिची रेझिस्टिव्हिटी (माती वीज किती अडवते त्याचं माप) १० ओहम-मीटर धरली तर ३ मीटर लांब, १७ मिलिमीटर जाड एका रॉडचा रेझिस्टन्स सूत्राने साडेतीन ओहमच्या आसपास येतो. तोच रॉड १०० ओहम-मीटरच्या कोरड्या मुरमात गेला की सरळ दसपट, ३५ ओहम. म्हणजे तीन फुटांवर मुरूम लागणाऱ्या प्लॉटवर शेजाऱ्याची नक्कल करून भागत नाही. मुरमात एकाच रॉडच्या मागे लागण्यापेक्षा दोन-तीन रॉड एकमेकांपासून निदान रॉडच्या लांबीइतके दूर ठोकून जोडावेत. जवळजवळ ठोकले तर दुसऱ्याचा फायदा फारसा मिळत नाही, कारण दोघं तीच माती वापरतात.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव आपल्याला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, हात जाईल एवढी. हीच भेग रॉडभोवती पडली की रॉड आणि माती यांच्यात हवा येते आणि ऑगस्टमध्ये २ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये वेगळाच आकडा दाखवतो. खड्ड्यात भरायला सर्रास बेंटोनाइट देतात. ते चांगलं आहे, पण बेंटोनाइटसुद्धा काळ्या मातीच्याच कुळातलं: पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आकसतं. वर पाणी ओतायची सोय आणि आठवण दोन्ही असतील तर बेंटोनाइट घ्या. नसेल तर घट्ट बसणारं सिमेंटसारखं कंडक्टिव्ह कंपाउंड मागा. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण सोलर बसल्यावर दोन वर्षांनी खड्ड्यात पाणी ओतणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही.

मीठ-कोळशाची जुनी पद्धत स्वस्त आहे आणि सुरुवातीला आकडा छान देते. पण मीठ पावसागणिक धुपतं आणि जीआय पाइप खात राहतं. पंचवीस वर्षं चालणाऱ्या पॅनेलांच्या जोडीला ती लावण्यात अर्थ नाही. कॉपर बाँडेड रॉड घेणार असाल तर तांब्याचा थर २५० मायक्रॉनचा आहे ना, ते विचारा. महाराणी रोडवर नुसता तांब्याचा रंग दिलेलेही रॉड मिळतात. कानशीने टोकाला दोन घासे मारा, लगेच लोखंड चमकलं तर परत करा.

बोअरिंगच्या केसिंगला अर्थ बांधायची आयडिया कोणी ना कोणी देतोच. केसिंग प्लास्टिकचं असेल तर प्रश्नच मिटला. लोखंडी असलं तरी एकमेव अर्थ म्हणून त्यावर विसंबू नका. बोअर दुरुस्तीला येणारा माणूस तार सोडेल आणि परत जोडणार नाही.

खड्ड्यावर काढता येणारं झाकण हवं. फरशी घालून वर कुंडी ठेवली की तो खड्डा कायमचा गेला. शिवाय मातीत जाणारी जोडणी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची नको, ती मातीत टिकत नाही.

पायरी ५: फ्रेम ते फ्रेम

इथे पाच मिनिटं उकिडवे बसा. सगळ्यात जास्त गडबड इथे होते आणि एकदा पॅनेल आवळली की काही दिसत नाही.

पॅनेलची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम चमकते, पण तिच्यावरचा अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज वाहत नाही. साधा वॉशर लावून लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची चकती) कसला तर मीटरला कधी जोडणी दिसते, कधी दिसत नाही. म्हणून फ्रेमवर जिथे अर्थची खूण कोरलेली असते त्याच भोकात लग बसवायचा आणि त्याखाली दातेरी स्टेनलेस वॉशर, म्हणजे दाते थर फोडून धातूत घुसतात. मिड क्लॅम्पखाली (दोन पॅनेलांमधल्या पकडीखाली) बसणाऱ्या दातेरी बाँडिंग क्लिपा हेच काम करतात, मात्र त्या एकदाच वापरायच्या. पॅनेल काढून परत लावलं की क्लिप नवी.

उघडं तांबं अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकवायचं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे पांढरी पूड दिसते आणि दोन-तीन पावसाळ्यांत जोड पोकळ होतो. टिन केलेला लग वापरा. क्रिम्पिंग पकडीने नीट दाबलेलं हवं, साध्या पक्कडीने चेपलेलं नको. हलकेच ओढून बघा, हातात आलं तर बरंच झालं, आत्ताच कळलं.

जोडणीची पद्धतही बघा. एका फ्रेमवरून तार दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर अशी उड्या मारत नेली असेल तर मधलं एक पॅनेल दुरुस्तीला काढल्यावर पुढची सगळी बिनअर्थची होतात. त्यापेक्षा ६ चौरस मिलिमीटरची एक अखंड तांब्याची तार रेलच्या कडेने न्यावी आणि प्रत्येक फ्रेमला तिच्यावरून फाटा द्यावा. स्ट्रक्चरचे वेगवेगळे टेबल (पॅनेलांचे अलग उभे केलेले सांगाडे) असतील तर प्रत्येक टेबल जोडायचं. दोन टेबलं एकाच गच्चीवर उभी आहेत म्हणून जोडलेली होत नाहीत.

ट्रंक केबल मात्र गच्चीच्या फरशीवर किंवा रेलच्या धारदार कडेवर नको. यूव्ही टिकणाऱ्या टायने किंवा स्टीलच्या क्लिपने वर बांधून घ्या. वापरात नसलेल्या प्रत्येक कनेक्टरवर आणि केबलच्या शेवटच्या टोकावर कंपनीचीच सील कॅप हवी. काळी टेप गुंडाळलेली दिसली तर काम थांबवा.

पायरी ६: गच्चीवरून खाली, एसीडीबीपर्यंत

ट्रंक केबल जिथे संपते तिथे गच्चीवर जंक्शन बॉक्स बसतो आणि पुढे साधी केबल खाली जाते. तिथून तीन कोअरची केबल घ्या: फेज, न्यूट्रल, अर्थ. फेज ४ चौरस मिलिमीटर असेल तर अर्थही ४ चा. ट्रंक केबल दोन तारांची असली तरी खाली जाणारी तीनचीच, कारण जंक्शन बॉक्सपासून फ्रेमचं बाँडिंग याच तिसऱ्या तारेला जोडायचं आणि ती घराच्या मुख्य अर्थ बारवर (सगळ्या अर्थच्या तारा जिथे एकत्र येतात ती पट्टी) न्यायची. गच्चीवरच्या फ्रेमची तार परस्पर भिंतीवरून बाहेरच्या खड्ड्यात सोडून दिली आणि मुख्य बारशी तिचा काहीच संबंध ठेवला नाही, तर एका घरात दोन 'जमिनी' तयार होतात. फॉल्टच्या वेळी त्या दोघींत फरक पडतो आणि तो हात लावणाऱ्याला जाणवतो.

आता आरसीसीबी. दुकानात स्वस्तात मिळतो तो बहुधा एसी टाइपचा. पुढच्या बाजूला एकच नागमोडी रेघ असते. इन्व्हर्टरच्या वाटेवर तो नको. नागमोडी रेघेखाली अर्ध्या लाटांची दुसरी खूण असते तो ए टाइप. मायक्रोमध्ये आत ट्रान्सफॉर्मरने डीसी आणि एसी अलग केलेले असतील तर साधारणपणे ए टाइप चालतो. तसं अलगीकरण नसेल तर कंपनीने स्पष्ट 'गरज नाही' म्हटल्याशिवाय बी टाइप लागतो, आणि तो महाग असतो. हे मायक्रो विकत घेण्याआधी डेटाशीटमध्ये बघा, नंतर नाही.

काही इलेक्ट्रॉनिक आरसीसीबींवर 'लाइन' आणि 'लोड' असं छापलेलं असतं आणि त्यांत वीज एकाच दिशेने यायला हवी असते. सोलरमध्ये ती खालूनही येते, वरूनही. दोन्ही दिशांनी चालणाराच घ्या.

आणि सोलरची लाइन घराच्या आरसीसीबीच्या खालच्या बाजूला, एखाद्या रिकाम्या एमसीबीवर चिकटवू देऊ नका. घरात फॉल्ट होऊन आरसीसीबी पडला तरी मायक्रो ग्रिड गेल्याचं ओळखून बंद होईपर्यंत थोडा वेळ घेतात. नियमाने कमाल दोन सेकंद, प्रत्यक्षात बहुधा बरंच कमी. तेवढा वेळ ते फॉल्टला वीज पुरवतात. सोलरचा स्वतःचा आरसीसीबी, स्वतंत्र, घराच्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला.

एसपीडी (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारं उपकरण) एसीडीबीत हवा, टाइप २. त्याच्या तारा जितक्या आखूड तितका तो कामाचा. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त तार झाली की त्याचा फायदा तारेतच जिरतो. पेटी आणि अर्थ बार शेजारी-शेजारी ठेवा म्हणजे झालं. गच्चीपासून एसीडीबी लांब असेल तर वरच्या जंक्शन बॉक्सशेजारी आणखी एक एसपीडी बसवावा. डीसी एसपीडी आणि डीसीडीबी (डीसीची पेटी) मात्र मायक्रोच्या कामात लागत नाहीत. कोटेशनमध्ये दिसले तर समजा की जुन्या स्ट्रिंगच्या कोटेशनवरून नवं बनवलंय.

पायरी ७: वीज पडण्याचा प्रश्न

लाइटनिंग अरेस्टरवरून (पडणारी वीज झेलून जमिनीत नेणारा रॉड) वाद फार होतात. मृगाच्या सरींबरोबर माळव्यात कडकडाट होतोच, आणि कॉलनीत सगळ्यांत उंच गच्ची तुमची असेल तर तो बसवणं शहाणपणाचं. पण त्याची डाउन कंडक्टर पट्टी पॅनेलच्या स्ट्रक्चरमधून फिरवायची नाही. शक्य तितकी सरळ, कमी वळणांची, भिंतीच्या बाहेरून थेट खाली. 'ईएसई' नावाचे महागडे अरेस्टर 'शंभर मीटरचा परिसर सांभाळतो' म्हणून विकतात. वीज पडण्यापासूनच्या संरक्षणाच्या आयएस/आयईसी ६२३०५ या मानकात असा वाढीव पल्ला मान्य केलेला नाही. साधा रॉड योग्य उंचीवर बसवला तरी पुरतो.

तीन खड्डे वेगळे की एकत्र? तपासणीसाठी एसी, डीसी आणि अरेस्टर असे तीन खड्डे मागितले जातात. तीन करा, काही बिघडत नाही. मायक्रोमध्ये 'डीसीचा' म्हणवणारा खड्डा स्ट्रक्चरच्या कामी येतो. पण ते जमिनीखाली जीआय पट्टीने एकमेकांना जोडा. वीज पडली आणि ३० हजार अँपिअर ५ ओहमच्या खड्ड्यातून गेले तर त्या खड्ड्यावर दीड लाख व्होल्ट चढतात. शेजारचा खड्डा अलग असेल तर हा सगळा फरक दोघांच्या मध्ये, म्हणजे तुमच्या वायरिंगच्या आणि मायक्रोच्या अंगावर येतो. जोडलेले असतील तर सगळं एकदम वर जातं आणि एकदम खाली येतं. ६२३०५ ची दिशाही हीच आहे. 'वेगळे ठेवा, नाहीतर वीज घरात येईल' असं म्हणणाऱ्या ठेकेदाराशी वाद घालण्यापेक्षा त्याला हाच दीड लाखाचा हिशोब करायला लावा.

पायरी ८: मोजा, आणि कागदावर घ्या

पहिलं मोजमाप वरून खाली. सगळ्यांत लांबच्या पॅनेलची फ्रेम आणि खालचा अर्थ बार यांच्यातली कंटिन्युइटी, म्हणजे वाट अखंड आहे का ते. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या २० मीटर तारेचा रेझिस्टन्स ०.०९ ओहमच्या जवळपास असतो. मीटर १ ओहम दाखवत असेल तर एखादा जोड ढिला आहे, तो शोधायला लावा. एकदा कोपऱ्यातली फ्रेम, एकदा मधली, एकदा स्ट्रक्चरचा पाय.

मग खड्डा. अर्थ टेस्टरने तीन खुंट्यांची पद्धत: एक टोक तुमच्या रॉडला, करंटची खुंटी साधारण ३० मीटरवर, आणि व्होल्टेजची त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. मधली खुंटी थोडी पुढे-मागे करून आकडा तसाच राहिला पाहिजे. मोजताना तो रॉड बाकीच्या अर्थपासून सोडवलेला हवा, आणि त्यासाठी मेन बंद. अडचण अशी की कॉलनीच्या गल्लीत एका रेषेत ३० मीटर मोकळी माती मिळत नाही, सगळीकडे सिमेंट. कोपऱ्यावरचा बगीचा जवळ असेल तर तिथे खुंट्या रोवता येतात. नसेल तर लूप इम्पीडन्स टेस्टर मागा. तो फेज आणि अर्थमध्ये लावतात आणि ट्रान्सफॉर्मरकडचाही अडथळा त्यात धरला जातो. म्हणून आकडा थोडा जास्तच येतो, पण चूक झाली तर ती सुरक्षित बाजूची. क्लॅम्पचा टेस्टर घेऊन एकट्या रॉडला वेढा घातला तर मात्र त्याला मोजायला बंद वाटच मिळत नाही. तो आकडा मानू नका.

शेवटी आरसीसीबी. त्यावरचं 'टी' बटण दाबलं की तो पडतो आणि सगळे खूश होतात. ते बटण आतली यंत्रणा तपासतं. तुमची अर्थ वायर जागेवर नसली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच. खरी तपासणी आरसीसीबी टेस्टरने, फेज आणि अर्थमध्ये, किती मिलीअँपिअरला आणि किती मिलीसेकंदात पडतो ते बघून.

हे सगळे आकडे तारखेसह ठेकेदाराच्या सही-शिक्क्याने घ्या. झाकण लावण्याआधीचे खड्ड्याचे आणि पॅनेल बसवण्याआधीचे लगचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नेट मीटरसाठी पश्चिम क्षेत्र वीज कंपनीकडे फाइल जाते तेव्हा ते कामाला येतील. दोन वर्षांनी ठेकेदार फोन उचलेनासा झाला तर आणखीच.

नंतर काय बघायचं

पावसाळ्यात सकाळी अ‍ॅपमध्ये एखादं पॅनेल ग्राउंड फॉल्ट किंवा इन्सुलेशनचा इशारा दाखवतं आणि अकरा-बारापर्यंत आपोआप नीट होतं. बरेच जण सोडून देतात. तसं करू नका. याचा अर्थ कुठेतरी ओल शिरते आणि ऊन पडलं की सुकते. बहुधा डीसी कनेक्टर फरशीवर लोळत पाण्यात असतो, किंवा केबल क्लॅम्पखाली चेपलेली असते. तंत्रज्ञ आला की आधी एसी बंद, मग ट्रंक केबलचा कनेक्टर, आणि शेवटी डीसीचा, हा क्रम त्याने पाळला पाहिजे. चालू लोडवर डीसी कनेक्टर ओढायचा नसतो. आणि एसी बंद असला तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या टोकांवर व्होल्टेज असतंच.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर 'जरा मोठा टाकून देतो' म्हणून ३० चा ३०० मिलीअँपिअर करून देणारे आहेत. आधी प्रत्येक शाखा वेगळी करून मेगरने इन्सुलेशन मोजायला सांगा, तेही मायक्रो सोडवून, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट मायक्रोच्याच अंगावर जातील. मायक्रोंची संख्या जास्त असल्याने नैसर्गिक गळतीच जास्त निघाली, तर कंपनीला विचारून १०० मिलीअँपिअरचा घेता येतो, कारण ५ ओहमच्या खड्ड्यावर तोही अर्धाच व्होल्ट होतो. पण घरातल्या सॉकेटांचा ३० चाच राहू द्या.

'टी' बटण महिन्यातून एकदा. लगचे नट आणि पांढरी पूड वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास गच्ची धुवाल तेव्हा. आणि खड्ड्याचा आकडा मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, पहिला पाऊस पडायच्या आधी. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा कितीही सुंदर असला तरी त्यावर मेची तारीख टाकून देऊ नका. ठेकेदार तसं सुचवेल.